खिळेआत्याचा फोन

खिळेआत्याला कमी ऐकू येतं ही गोष्ट तिच्याखेरीज सगळ्यांना मान्य होती. तिचं स्वतःचं मत असं, की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लोकांनी नीट बोलायचंच सोडून दिलंय. "तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं," ती म्हणायची, "आणि वर मलाच विचारायचं, ऐकलंस का म्हणून!"

नावात खिळे आले ते कारखान्यामुळे. एकोणिसाव्या वर्षी ती खिळ्यांच्या कारखान्यात लागली आणि एकोणचाळीस वर्षांनी बाहेर पडली. मधे लग्नाची दोन स्थळं आली होती. एकाचा आवाज फार बारीक होता आणि दुसरा बोलताना तोंडावर हात ठेवायचा, म्हणून दोन्ही बारगळली. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तिच्या ताब्यात चार यंत्रं होती. एका बाजूनं तारेचं भेंडोळं आत जायचं, दुसऱ्या बाजूनं खिळे बाहेर पडायचे, आणि मधे एक हातोडा मिनिटाला अडीचशे ठोके घालायचा. अशी चाळीस यंत्रं एका पत्र्याच्या शेडमध्ये. शिवाय कोपऱ्यात एक भलंमोठं पिंप गरगरा फिरत असायचं. त्यात खिळे आणि लाकडाचा भुसा घातलेला, म्हणजे खिळ्यांचं तेल निघून ते चकचकीत होतात. त्या पिंपाचा खळखळाट म्हणजे पत्र्यावर दिवसभर गारा पडाव्यात तसा.

अशा ठिकाणी आवाज काढून उपयोग नाही हे तिथल्या बायकांना पहिल्या आठवड्यातच कळायचं. त्या नुसते ओठ हलवायच्या. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची सगळी कागाळी सांगायची आणि मधे पाठ करून उभ्या असलेल्या सुपरवायझरला गंधवार्ता नसायची. आत्या यात इतकी तयार झाली, की बँकेत काचेपलीकडचा मॅनेजर कोणाला काय टाकून बोलतोय, समोरच्या गच्चीवर नवरा-बायको कशावरून भांडताहेत, हे तिला कानांवाचून कळायचं. म्हणून तर आपण बहिऱ्या आहोत हे तिला पटत नसे. बहिऱ्या माणसाला एवढं सगळं कसं ठाऊक असेल?

कानाच्या डॉक्टरांनी तिला एक मशीन दिलं होतं. ते घातलं की चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज कपाट कोसळल्यासारखा यायचा आणि माणसांचं बोलणं मात्र जिथल्या तिथे. ते मशीन ती शिवणाच्या डब्यात ठेवायची.

अडचण एकच होती. टेलिफोनला ओठ नसतात.

तिच्याकडे जुना, वजनदार फोन होता. त्याचा रिसीव्हर ती कानाला लावत नसे, कानामागच्या हाडाला लावायची. कारखान्यात यंत्राची बेअरिंग खराब झालीय का ते लोखंडी सळई हाडाला टेकवून ऐकतात, तसं. दर रविवारी सकाळी अकराला धाकट्या बहिणीचा फोन यायचा. धाकटी दुसऱ्या गावात मुलगा-सुनेकडे राहायची. तिनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलेलं, त्यामुळे आवाज ठसठशीत आणि कानांचा अभिमान त्याहून जास्त. "मला तारेवर बसलेला पक्षीसुद्धा ऐकू यायचा," ती सांगायची. आत्याला मोठ्यानं सांगावं लागतं म्हणून आपला घसा बसतो, हेही ती दर रविवारी न चुकता सांगायची. आत्या निम्मं ऐकायची, निम्मं अंदाजानं भरून काढायची, आणि दोघी आपापलं बोलून घेऊन समाधानानं फोन ठेवायच्या.

मग कंपनीचं पत्र आलं. जुन्या तारा काढून टाकणार, तरी ग्राहकांनी मोबाइल घ्यावा.

आत्याच्या भाच्यानं हे काम अंगावर घेतलं. भाचा दुकानांतले वजनकाटे तपासण्याच्या खात्यात होता. मोजल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास नसे. चहासुद्धा तो कपाच्या कडेपासून किती खाली आहे ते बघून प्यायचा. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर आवाज मोजायची सोय करून घेतली, खिशात टेप ठेवली, आणि आत्याला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेला.

दुकानदार मोठा अगत्याचा माणूस, पण त्याच्या मिशा ओठांवर पडद्यासारख्या आलेल्या. आत्याला खालचा ओठ तेवढा दिसत होता.

"कुठलं मॉडेल पाहिजे?" त्यानं विचारलं.

"बॉटल कशाला?" आत्या म्हणाली. "मी फोन घ्यायला आलेय."

"मॉडेल, मॉडेल!"

"अहो, पाणी मी घरून पिऊन आलेय."

भाच्यानं दुकानदाराला बाजूला घेतलं. मग काउंटरवर सात फोन ओळीनं मांडले गेले. भाच्यानं टेपनं बरोबर पन्नास सेंटीमीटर मोजून एकेकाची रिंग वाजवायला लावली आणि आकडे टिपून घेतले. दुकानदार कॅमेऱ्याबद्दल सांगत राहिला. आत्या एकेक फोन उचलायची, कानामागच्या हाडावर टेकवायची, डोळे मिटायची आणि खाली ठेवायची. तिसऱ्या फोनला ती बराच वेळ तशी उभी राहिली.

"काय ऐकू येतंय?" भाच्यानं तिच्या तोंडासमोर येऊन विचारलं.

"याची बेअरिंग गेलीय."

तो फोन बंद होता.

शेवटी दुकानदारानं मागच्या खोलीतून एक खोकं आणलं. खास वयस्करांसाठीचा फोन. बटणं बिस्किटाएवढी आणि पाठीवर संकटकाळासाठी एक लाल बटण. त्याची रिंग वाजली तेव्हा रस्त्यावर एक सायकलवाला ब्रेक मारून मागे बघू लागला. भाच्याच्या मोजणीत आकडा इतका वर गेला, की त्यानं दोनदा तपासला. आत्याचा चेहरा उजळला.

"हा बोलतो," ती म्हणाली. "बाकीचे पुटपुटतात."

आता आत्याच्या घराची रचना सांगायला हवी. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीला गल्लीकडे मोठी खिडकी. गल्ली इतकी अरुंद, की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागायचं. खिडकीच्या अगदी समोर, पलीकडच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक सलून. सलूनवाला म्हणजे पन्नाशीचा, टापटिपीचा, मितभाषी माणूस. रविवारी अकरा वाजता त्याच्याकडे बसायला जागा नसायची.

पहिल्याच रविवारी फोन वाजला आणि समोरच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उभं राहिलं. आत्यानं हिरवं बटण दाबलं.

"हॅलो, ताई? माझा आवाज येतोय का?" धाकटीचा आवाज गल्लीभर घुमला.

"येतोय!" सलूनमधून चौघांनी एकदम सांगितलं.

आत्यालाही आवाज येत होता. आवाजाबद्दल तक्रारच नव्हती. पण शब्द? फोन जितका मोठ्यानं बोलायचा, तितके त्याचे शब्द एकमेकांत कालवले जायचे. धाकटी गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होती की गोधडीबद्दल, ते कळेना. आत्या वैतागून खिडकीकडे वळली. समोर सलूनवाला वस्तरा हातात धरून उभा होता. त्याला अर्थातच सगळं लख्ख ऐकू येत होतं.

"काय म्हणाली हो?" आत्यानं विचारलं.

खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला दचकवायला नको म्हणून त्यानं आवाज न काढता ओठ हलवले, "गुडघा दुखतोय म्हणाल्या. डावा."

आत्याला अक्षर न् अक्षर कळलं.

"डावा ना? मग तू जिना चढू नकोस!" ती फोनमध्ये ओरडली.

अशी ती व्यवस्था बसली. सलूनवाल्यानं ती मनापासून पत्करली. त्याच्याकडे आरसे होतेच. दोन दिवस त्यानं गिऱ्हाईक नसताना आरशासमोर तोंड फाकवून सराव केला. थोड्या चुका व्हायच्या, कारण प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. एकदा "मी बरी आहे" असं धाकटी म्हणाल्याचं त्यानं कळवलं आणि आत्याला ते "मी परी आहे" असं दिसलं. पासष्टाव्या वर्षी हे काय खूळ, म्हणून ती दिवसभर विचारात पडली होती.

गल्लीचंही लक्ष लागलं. धाकटीच्या गुडघ्यावर सलूनमध्ये दोन तट पडले, एक गरम पाण्यानं शेकणाऱ्यांचा, दुसरा बर्फवाल्यांचा. एका गिऱ्हाइकानं तर खिडकीत येऊन "शेका! शेका!" असं ओरडून सांगितलं. फोनमधून बराच वेळ काही आलं नाही. मग धाकटीचा थंड आवाज आला, "ताई, तुझ्या घरात पुरुष कोण आहे?"

लाल बटणाची वेगळीच कथा. ते दाबलं की भोंगा वाजायचा आणि भाच्याला आपोआप फोन जायचा. आत्याला तो भोंगा फार आवडला, कारण तो कारखान्याच्या पाळीच्या भोंग्यासारखा अगदी स्पष्ट ऐकू यायचा. दूध उतू जाऊ नये म्हणून ती गॅसजवळ उभी राहिल्यावर बटण दाबायची, जागं राहायला बरं म्हणून. भाचा पहिल्या आठवड्यात पाच वेळा धापा टाकत जिना चढून आला. पाचव्यांदा त्यानं बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्याकडे पाठ करून बराच वेळ काहीतरी बोलला. ते तिनं विचारलं नाही.

हे सगळं मजेचं चाललं होतं, तरी आत्याच्या मनात एक सल रुतायला लागला होता. धाकटी बदलली होती. तुटक बोलायला लागली होती. एका रविवारी ती चांगली वीस मिनिटं बोलत होती. फोन आत्याच्या हातात थरथरत होता, आवाज चढत होता, उतरत होता, मधे एकदा तर रडल्यासारखा झाला. आत्यानं समोर बघितलं. सलूनवाला एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावत होता आणि रंग वाळायच्या आत त्याला संपवायचं होतं. त्यानं मान वर करून ओठ हलवले, "बरं चाललंय म्हणतायत."

"एवढंच?"

"एवढंच."

पुढच्या रविवारी आत्यानं आपली दाढ काढल्याची हकीकत सांगितली. साधी हकीकत नव्हती ती. दाढेला तीन मुळं होती, त्यातलं एक वाकडं. डॉक्टर घामाघूम झाले, खुर्चीचा एक खिळा निघाला आणि तो बघून आत्यानं तोंडात चिमटा असतानाही हा दोन इंची आहे हे ओळखलं. अर्धा तास तिनं रंगवून सांगितलं. सलूनमध्ये लोक पोट धरून हसत होते. फोनमधून उत्तर आलं आणि सलूनवाल्यानं ते ओशाळून पोचवलं, "चांगलं झालं म्हणाल्या."

आत्यानं फोन ठेवला. बाहेरच्या लोकांचं हसणं तिला दिसत होतं. पासष्ट वर्षांची ओळख, एका ताटात जेवलेल्या आपण, आणि हिला माझ्या दाढेबद्दल बोलायला दोन शब्द पुरतात? पुढचे दोन रविवार अकराच्या सुमारास ती फोन बंद करून बाजारात निघून गेली.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते भाच्याच्या बायकोच्या. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, दिवसभर तोंडावर मास्क. त्यामुळे लग्नानंतर कितीतरी दिवस आत्याला ही मुलगी मुकी वाटली होती. ती संध्याकाळी आली, मास्क काढला, समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "आत्या, तुम्हाला मोठा आवाज नकोय. तुम्हाला तोंड दिसायला हवंय."

तिनं पिशवीतून स्वतःचा जुना मोबाइल काढला. पाटीएवढा मोठा. तो दवाखान्यात चूळ भरायच्या भांड्यात पडला होता. बाकी सगळं ठीक होतं, फक्त स्पीकर कायमचा गेला होता. टाकूनच देणार होती ती.

"यातून आवाज येत नाही," ती म्हणाली.

"मला तरी कुठे येतो?" आत्या म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती असं काही बोलली. तिचं तिलाच नवल वाटलं.

भाच्यानं विरोध केला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला मुका फोन द्यायचा, हे कुठल्याच मोजमापात बसत नव्हतं. पण त्याच्या बायकोनं तिकडच्या सुनेशी बोलून व्हिडिओ कॉलचं ठरवूनसुद्धा टाकलं.

पहिल्या रविवारी आत्याला पडद्यावर धाकटीचा कान दिसला. एक्स्चेंजची सवय, फोन हातात आला की कानाशी. वीस मिनिटं कानच. आत्या बघत राहिली. कानाच्या पाळीमागे एक तीळ होता. धाकटीच्या वेण्या घालताना तो रोज दिसायचा, आणि मग पन्नास वर्षं तो आहे हे ती विसरून गेली होती. रागावायचं ठरवून बसलेली आत्या त्या तिळाशी जरा विरघळली.

"अगं कान नको, तोंड दाखव, तोंड!" ती ओरडली.

दुसऱ्या रविवारी हनुवटी आली. मग छताचा पंखा. मग बराच वेळ एक बोट. तिसऱ्या रविवारी मात्र सुनेनं फोन टेबलावर बरणीला टेकवून उभा केला आणि धाकटी अख्खी दिसली. पांढरे केस, तोच सरळ भांग, मागे आरशाचं कपाट. आणि ओठ. एक्स्चेंजनं घडवलेले, प्रत्येक अक्षराला नीट वळणारे ओठ.

"ताई, तू का गं रागावलीस?" ते ओठ म्हणाले. मधे ना सलूनवाला, ना कोणी.

"तूच दोन शब्दांत बोलतेस!" आत्या म्हणाली. "मी दाढेचं एवढं सांगितलं, त्यावर काय तर म्हणे चांगलं झालं."

धाकटी उत्तर देईना. ती फोनकडे नाही, फोनच्या किंचित वर बघत होती. आत्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या आरशात गेली. आरशात टेबलावरचा फोन दिसत होता आणि त्याच्यामागे पलंगावर बसलेली सून. सुनेच्या मांडीवर शाळेतली पाटी होती. ती भराभर लिहीत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती. आत्यानं ते पुटपुटणं वाचलं, "किती बोलतात या! एवढं कुठे मावणार पाटीवर?"

मग सुनेनं पाटी उंच धरली. आरशात अक्षरं उलटी. आत्या उठली, शिवणाच्या डब्यातला छोटा आरसा आणला आणि मोबाइलच्या पडद्यासमोर धरला. अक्षरं सुलटी झाली. पाटीवर लिहिलं होतं, "दाढेबद्दल विचारतात."

आत्यानं आरसा खाली ठेवला. म्हणजे हिलाही. तिकडे पाटी आणि इकडे सलून. तिनं अर्धा तास सांगावं आणि पाटीवर "दाढ काढली" एवढंच यावं. धाकटीनं वीस मिनिटं रडावं आणि रंग वाळतोय म्हणून त्याचं "बरं चाललंय" व्हावं. दोघी एकमेकींवर रुसल्या होत्या त्या एका पाटीच्या आणि एका केसांच्या रंगाच्या भरवशावर.

"तुला कधीपासून ऐकू येत नाही?" तिनं विचारलं.

आरशातली सून थिजली. खडू हातात, पण लिहीना.

"लिही," आत्या म्हणाली. "जसंच्या तसं लिही. एक शब्द गाळायचा नाही."

सुनेनं लिहिलं. पाटी वर झाली. धाकटीनं वाचलं आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"लाइनमध्ये खरखर आहे," ती म्हणाली.

"लाइन राहिलीय कुठे आता? खरखर कुठली?"

धाकटी उठून पडद्याबाहेर गेली. आरशात नुसती सून उरली, पाटी पोटाशी धरून, परीक्षेला बसल्यासारखी.

चार दिवस फोन नाही. आत्या फोन स्टीलच्या झाकणावर ठेवायची, म्हणजे तो थरथरला की झाकण टेबलावर वाजत चालायला लागायचं आणि हाताला कळायचं. झाकण जागचं हललं नाही. तिला अपराधी वाटत होतं. आपण स्वतः वीस-पंचवीस वर्षं लोकांना पुटपुटे म्हणत आलो आणि धाकटीला मात्र एका वाक्यात उघडं पाडलं, तेही सुनेच्या देखत.

पाचव्या दिवशी दुपारी झाकण चाललं. पडद्यावर धाकटी. मागे आरशात पलंग रिकामा. सुनेला तिनं बाहेर पाठवलं होतं.

"दोन वर्षं झाली," धाकटी म्हणाली. "डाव्यातून काहीच नाही. उजव्यातून भांडी पडल्यासारखं येतं. तीस वर्षं अख्ख्या गावाचं बोलणं माझ्या कानात ओतलं गेलं, ताई. आता कान म्हणतायत, पुरे. घरात मी टीव्ही बघताना सगळे हसले की हसते."

"मीही तेच करते," आत्या म्हणाली. पण धाकटीला ते कळलंच नाही. ती ओठांकडे नुसती बघत राहिली, परकी लिपी बघावी तशी.

तेव्हा आत्यानं काय केलं? कारखान्यातल्या पहिल्या दिवशी एका थोराड बाईनं तिला यंत्रापाशी उभं केलं होतं आणि एकेक वस्तू दाखवत नुसते ओठ हलवले होते. तार. तेल. हात सांभाळ. आत्यानं टेबलावरचा कप उचलला, पडद्यासमोर धरला आणि तोंड चांगलं उघडून, आवाज न काढता म्हणाली, "कप." मग बशी. मग चमचा. मग चष्मा. धाकटी तिच्या मागून ओठ हलवू लागली.

रोज दुपारी तासभर शिकवणी. ऑपरेटरबाई हुशार, पंधरा दिवसांत वाक्यांवर आल्या. गोंधळ व्हायचे ते प, ब, म यांचेच. एकदा आत्या बाबांची आठवण काढत होती. बाबा पहाटे उठून दोघींच्या चपला ओळीनं लावून ठेवायचे, ओल्या असल्या तर चुलीशी वाळवायचे. धाकटी आधी अवाक झाली, मग हसू लागली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तो असा होता? तो? आपल्याला कधी कळलंच नाही गं!"

पाऊण तासानं उलगडा झाला, की धाकटी बाबांऐवजी मामा वाचत होती. मामा म्हणजे ज्यानं त्यांची सायकल दुरुस्तीला म्हणून नेली आणि परत कधी तोंड दाखवलं नाही तो. धाकटीनं त्याला मनातून माफसुद्धा करून टाकलं होतं. "आता पुन्हा रागवायचं का?" तिनं विचारलं. दोघींनी विचार केला आणि राहू दिलं.

समोरच्या सलूनमध्ये मात्र अवकळा आली. रविवारी अकराला गिऱ्हाइकं सवयीनं कान टवकारून बसायची आणि खिडकीत आत्या एका पाटीएवढ्या काचेसमोर तोंड वेडंवाकडं करताना दिसायची, आवाज शून्य. शेवटी सलूनवाला हात पुसत जिना चढून आला.

"आत्या, गुडघ्याचं काय झालं? लोक विचारतात. मी काय सांगू?"

"शेकून बरा झाला," आत्या म्हणाली. सलूनवाल्याचा चेहरा पडला. तो बर्फवाला होता. मग तिनं त्याला बसवलं, चहा दिला, आणि त्या वीस मिनिटांच्या रविवारी धाकटी खरोखर काय म्हणाली होती ते विचारलं. त्याला सगळं आठवत होतं. धाकटी म्हणाली होती, की घर भरलेलं असून आपल्याला एकटं वाटतं, आणि तू इथे असतीस तर बरं झालं असतं. हे सांगताना तो मान खाली घालून बोलत होता, त्यामुळे आत्याला त्याला दोनदा हनुवटी धरून वर बघायला लावावं लागलं.

"मी रंगात होतो हो," तो म्हणाला.

"असू दे," आत्या म्हणाली.

हिवाळा लागता लागता धाकटी आत्याकडे पंधरा दिवस राहायला आली. तिला आणायला भाचाच गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतताना तो सहज डोकावला. दार उघडंच होतं. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बहिणी समोरासमोर बसल्या होत्या. खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत दोघींचे ओठ झपाट्यानं चालले होते. भुवया उडत होत्या, बोटं नाचत होती, आत्यानं टेबलावर थाप मारली, धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. भाच्याला वाटलं, कडाक्याचं भांडण जुंपलंय. तो दोघींच्या मधे जाऊन उभा राहिला.

"अगं, काय झालं? कशावरून भांडताय?"

दोघींनी त्याच्याकडे वळून बघितलं आणि खालच्या चौकापर्यंत जाईल अशा आवाजात एकदमच सांगितलं, "भांडत कुठे? तुझ्याबद्दल बोलतोय!"

आणि त्याला जरा बाजूला सरकायची खूण केली, कारण तो मधे आल्यामुळे त्यांना एकमेकींचं काही दिसत नव्हतं.